घरी पंचिंग बॅग लावायची आहे: कुठली घ्यावी, कुठे टांगावी?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज धागा काढतेच.

दोन महिने बॉक्सिंगच्या वर्गाला गेले. वय ४२, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६२ किलो. याआधी व्यायाम म्हणजे फक्त चालणं. वर्गात बॅगेवर पहिला ठोसा नीट बसला तेव्हाचा 'थप्प' असा आवाज अजून कानात आहे. आता वर्गाची वेळ आणि माझ्या कामाची वेळ जुळत नाही, पण हे सोडायचं नाही हे नक्की. म्हणून घरीच बॅग लावायची आहे.

एक खोली मोकळी करता येते, ३ मीटर बाय २.७ मीटर. वर काँक्रीटचा स्लॅब, उंची २.७५ मीटर. मधोमध पंख्याचा हुक आहे, पंखा काढून ठेवलाय. खालच्या मजल्यावर लोक राहतात.

टांगायची घ्यावी की जमिनीवर उभी राहणारी? वजन किती? वाळूची की कापडाची? पंख्याच्या हुकाला टांगली तर चालेल का? ग्लोव्हज कुठल्या मापाचे? जिथे वाचावं तिथे वेगळंच उत्तर मिळतं. ज्यांनी स्वतः लावली आहे त्यांचे अनुभव हवे आहेत.

जुना_ग्लोव्ह

पहाटवाराताई, बरं केलंत विचारलंत. मी आधी खेळायचो, आता बारा वर्षं नवशिक्यांना शिकवतोय. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खरेदीचा क्रम उलटा केलेला असतो. आधी बॅग आणतात, मग ती कुठे टांगायची ते शोधतात आणि हातांचा विचार दुखायला लागल्यावर करतात. तुम्ही आधी हात बघा, मग छत बघा, बॅग सगळ्यात शेवटी.

तरी बॅगेचं विचारलंय तर सांगतो. ढोबळ नियम असा की बॅग आपल्या वजनाच्या निम्मी असावी. तुम्ही ६२ किलोच्या, म्हणजे ३० किलोची बघा. हलकी घेतली तर प्रत्येक ठोशाला ती पळते आणि तुम्ही ठोसे मारायचे सोडून तिच्यामागे धावत राहता. उगाच जड घेतली तर ती हलत नाही आणि सगळा धक्का मनगटातून कोपरात परत येतो. नवशिक्याला दुसरी चूक जास्त महागात पडते.

लांबी १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फुटी. जाडी ३०-३५ सेंटिमीटर. सहा फुटी लांब बॅगा लाथा मारणाऱ्यांसाठी असतात, तुम्हाला त्यांची गरज नाही. टांगलेले छोटे स्पीड बॉल, खालीवर रबराने ताणलेले चेंडू हेही आत्ता नको. ते डोळ्यांचं आणि लयीचं काम करतात, ठोसा घडवत नाहीत.

भरण कापडाचंच घ्या. वाळूबद्दल वेगळं लिहितो, कारण त्यावर माझा खरोखर जीव जळतो.

जुना_ग्लोव्ह

वाळूबद्दल. वाळू भरलेली बॅग पहिल्या दिवशी छान वाटते. मग प्रत्येक ठोशागणिक वाळू खाली सरकत जाते. काही महिन्यांत बुडाशी सिमेंटच्या पोत्यासारखा गोळा होतो आणि वर नुसती झोळी लोंबते. एखादा नवशिका पोटावरचा ठोसा शिकताना तळाशी मारतो आणि हात धरून खाली बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा. "हात कडक होतात" म्हणून वाळूवर मारायला सांगणारे भेटतील. हाडं आणि सांधे असे कडक होत नाहीत, ते दुखावतात.

वजन वाढवायचंच असेल तर वाळू छोट्या पिशव्यांत घट्ट बंद करून बॅगेच्या मधल्या गाभ्यात ठेवतात, चहूबाजूंनी कापड. मोकळी वाळू कधीही नाही.

लंबक

इमारतींच्या सांगाड्याचं काम करतो, म्हणून छतापुरतं लिहितो.

पंख्याच्या हुकाला टांगू नका. पंखा वजनाने हलका आणि एका जागी फिरणारा. बॅग जड आणि झोके घेणारी. तो हुक स्लॅबमध्ये किती खोल गेलाय, सळीला अडकवलाय की नुसता काँक्रीटमध्ये रोवलाय, आतून किती गंजलाय, यातलं काहीच खालून दिसत नाही. शिवाय पंख्याची वायर तिथूनच जाते.

झोक्याचा हिशोब सांगतो. ३० किलोची बॅग स्थिर लोंबत असेल तर आधारावर ३० किलोचाच भार. तीच बॅग सरळ रेषेपासून ३० अंश झुकून सुटली, तर तळातून जाताना साखळीतला ताण सुमारे सव्वापट होतो. ६० अंशांवरून सुटली तर बरोबर दुप्पट. एवढंही चालेल. खरा धोका बॅग खालून वर उचलली जाते तेव्हा असतो. अप्परकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारला की क्षणभर साखळी सैल पडते, मग बॅग खाली येऊन हिसका देते. हा हिसका दुपटीच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, आणि दर मिनिटाला तो अनेकदा बसतो. म्हणून आधार बॅगेच्या वजनाच्या किमान चौपट तरी पेलणारा हवा. माझ्या घरी मी त्याहून जास्तच ठेवलाय.

काँक्रीटमध्ये चार बोल्टची लोखंडी पट्टी लावून घ्या. एकच आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) लावू नका. एकच असेल तर तो ढिला झाल्याचं बॅग पडल्यावरच कळतं. चार असतील तर एक कुरकुरायला लागला की बाकीचे तीन धरून ठेवतात आणि तुम्हाला वेळ मिळतो.

तिसरा_मजला

मी उभी बॅग वापरतो, चार वर्षं झाली. घर भाड्याचं, मालकांनी स्लॅबला भोक पाडायला नकार दिला, त्यामुळे पर्यायच नव्हता.

बरं काय ते आधी. भोक नाही, गवंडी नाही, घर बदललं तर सोबत नेता येते. बुडाच्या टाकीत पाणी किंवा वाळू भरायची. पाणी एक लिटरला एक किलो, कोरडी वाळू दीड किलोच्या वर. माझी टाकी ८० लिटरची आहे. पाण्याने ८० किलो झाली होती आणि मी मारायला लागलो की बोटबोट सरकत भिंतीला जाऊन टेकायची. वाळू भरल्यावर १२० किलोच्या वर गेली, आता जागची हलत नाही. वाळू भरताना नरसाळं लागतं आणि अख्खी संध्याकाळ जाते. एकदा भरली की जागा बदलायची नाही असं समजूनच भरा.

वाईट काय ते आता. हिची प्रतिक्रिया टांगलेल्या बॅगेसारखी नसते. ठोसा बसला की मागे झुकते आणि उसळून परत येते, झोका घेत नाही. त्यामुळे पायांचं काम, बॅगेच्या बाजूने फिरणं हे तितकं शिकता येत नाही. मान जिथे बुडाला जोडलेली असते तो जोड सगळ्यात आधी कुरकुरायला लागतो.

आवाजाचंही सांगतो. पहिल्या आठवड्यात खालच्या आजोबांनी दार वाजवलं. ते रागावले नव्हते, थकलेले होते. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर माझी बॅग होती. दुसऱ्या दिवशी खोली बदलली, खाली जाड रबरी मॅटचे दोन थर टाकले आणि त्यांना विचारून वेळ ठरवली. आता संध्याकाळी सहा ते सात. अजूनही महिन्यातून एकदा जाऊन विचारतो, त्रास होत नाही ना म्हणून.

पहाटवारा

सगळ्यांचे खूप आभार. पंख्याचा हुक बाद. लंबक, तुमचा हिशोब वाचून तिथे बॅग टांगायचा विचार केला होता याचीच धास्ती वाटली.

घर माझं स्वतःचं आहे, त्यामुळे भोक पाडता येईल. पायांचं काम वर्गात मला फार आवडायचं, म्हणून टांगायचीच घेईन. खालच्या वहिनींशी आजच बोलते. तिसरा_मजला, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर हे मी सगळं झाल्यावर केलं असतं.

विटकर

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे छत पत्र्याचं आहे, त्यामुळे भिंतीला लावायचा त्रिकोणी आधार बघतोय. भिंत विटांची. चालेल?

लंबक

विटकर, कुठल्या विटा यावर सगळं आहे. भाजलेल्या भरीव विटांची जाड भिंत असेल तर बघता येईल. पोकळ ब्लॉक किंवा हलके फुगीर ब्लॉक असतील तर साध्या फास्टनरने मुळीच नको. ते आत फुगतात तेव्हा ब्लॉकच चुरतो. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून मोठी लोखंडी पट्टी हाच खात्रीचा मार्ग.

भिंतीच्या आधारात एक गोष्ट फसवी असते. समजा तुमच्या आधाराचा हात भिंतीपासून ६० सेंटिमीटर बाहेर येतो आणि वरच्या व खालच्या बोल्टमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे. ३० किलोची बॅग नुसती लोंबत असली तरी वरच्या बोल्टना भिंतीबाहेर ओढणारा जोर ६० किलोचा होतो. हात जितका लांब आणि बोल्ट जितके जवळजवळ, तितकं वाईट. उंच पट्टीचा आधार घ्या, वरखालच्या बोल्टमधलं अंतर जास्तीत जास्त ठेवा. आणि हात आखूड ठेवायचा मोहही नको, कारण मग बॅग भिंतीवर आपटेल.

तुमची भिंत आरपार बोल्टची असेल तर मागच्या बाजूला काय आहे ते आधी बघा.

निरगाठ

मी बॅग घरीच भरली, तो अनुभव लिहिते. रिकामं खोळ विकत मिळतं, भरण आपलं.

जुने कपडे, चादरी, टॉवेल, सगळं गोळा केलं. बटणं, चेन, हुक, कडक शिवणी कापून टाकल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एक बटण जरी ठोशाच्या जागी आलं तरी मुठीच्या गाठीवर कळतं. कापडाचे हातरुमालाएवढे तुकडे केले. मोठे तुकडे कोंबले की मध्ये पोकळ्या राहतात.

किती कापड लागतं याचा मला मुळीच अंदाज नव्हता. १२० सेंटिमीटर लांब आणि ३५ जाड खोळ म्हणजे आत जवळपास ११५ लिटर जागा. मी काठोकाठ भरलं, तोंड बांधलं, वजन केलं तर १७ किलो! मग पुन्हा सगळं काढलं. हाताच्या पंजाएवढा थर टाकायचा, जाड लाकडी दांड्याच्या बोथट टोकाने कडेकडेने ठेचायचा, मग मध्ये ठेचायचा, मग पुढचा थर. कडेने आधी ठेचलं की बॅग गोल राहते. असं करत २९ किलोवर आणली. दोन रविवार गेले. शेजारपाजारच्या सगळ्यांचे जुने कपडे आले त्यात.

आणि पहिल्या महिन्यात ती बसणार हे धरूनच चाला. वरचा वीतभर भाग मऊ होतो, तिथे पुन्हा भरायचं. म्हणून तोंड शिवू नका, चेनचं किंवा दोरीचं ठेवा.

पायवाट

फिजिओथेरपिस्ट आहे. जुना_ग्लोव्ह यांनी "आधी हात" म्हटलंय, त्याला माझा मनापासून पाठिंबा आणि थोडी भर.

मुठीच्या चार गाठींपैकी पहिल्या दोन, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या, यांच्यामागची तळहाताची हाडं मनगटाशी जवळजवळ पक्की जोडलेली असतात. करंगळी आणि अनामिकेच्या मागची हाडं मात्र हलतात. स्वतःची मूठ वळून करंगळीची गाठ दाबून बघा, ती आत जाताना जाणवेल. म्हणून ठोसा पहिल्या दोन गाठींवर बसायला हवा. दमल्यावर मूठ फिरते, ठोसा करंगळीच्या गाठीवर बसतो आणि तिच्यामागचं हाड गाठीच्या लगेच मागे मोडतं. या दुखापतीचं नावच बॉक्सरचं फ्रॅक्चर असं आहे. पण ती सराईत बॉक्सरपेक्षा न शिकता मारणाऱ्यांनाच जास्त होते.

अंगठा कधीही मुठीच्या आत नको. बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा.

पहिला महिना निम्म्या जोराने. स्नायू लवकर तयार होतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या आणि सांध्यांचे बंध फार सावकाश तयार होतात. तिसऱ्या आठवड्यात "आता जोर आलाय" असं वाटतं, आणि माझ्याकडे येणारे मनगटाचे रुग्ण बहुधा त्याच सुमाराचे असतात. आठवड्यात तीन दिवस पुरेत, मध्ये एक दिवस सुट्टी.

काय दुर्लक्षू नये तेही सांगते. मारल्यावर एखादी गाठ खाली बसल्यासारखी दिसली, किंवा करंगळीच्या बाजूला सूज आली, तर एक्स-रे काढा. अंगठ्याच्या बुडाशी, अंगठा ताणला की जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर तेही दाखवा. तिथलं छोटं हाड मोडलेलं असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. म्हणून पहिला एक्स-रे ठीक आला तरी दुखणं थांबलं नाही तर पुन्हा जा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. ठोसा मारताना श्वास रोखायची सवय लागली की रक्तदाब चढतो. प्रत्येक ठोशाला नाकातोंडातून श्वास सोडा.

जुना_ग्लोव्ह

पायवाट यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

आता पट्ट्या, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या. साडेचार मीटर लांबीच्या घ्या, थोडा ताण असलेल्या. हात लहान असेल तर तीन मीटरच्याही चालतात. बांधताना बोटं पूर्ण फाकवलेली हवीत, हे सगळ्यात महत्त्वाचं. मिटलेल्या हातावर बांधली की मूठ वळताच ती करकचते. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, गाठींवर तीन, मग बोटांच्या मधून तीन वेळा, एक वेढा अंगठ्याला आणि उरलेली मनगटावर संपवायची. मनगट पहिलंही आणि शेवटचंही. बांधून झाली की मूठ वळा आणि उघडा. नखं निळसर वाटली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. पहिले पंधरा दिवस रोज चुकेल, चुकू द्या.

ग्लोव्हजचं माप औंसात असतं, १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. १२ औंसाचा एक ग्लोव्ह सुमारे ३४० ग्रॅमचा, १६ औंसाचा सुमारे ४५४ ग्रॅमचा. बॅगेसाठी तुम्हाला १२ पुरे. माझे काही मित्र नवशिक्याला १६च देतात, गादी जास्त म्हणून. मला ते पटत नाही. दमल्यावर जड ग्लोव्हने हात खाली येतो, आणि खाली आलेल्या हातानेच मनगट मुरगळतं. पट्ट्या बांधून ग्लोव्ह घालून बघा. बोटांची टोकं आत टेकली पाहिजेत, पण वळताना ओढ बसता कामा नये.

पातळ, बोटं उघडी असलेले ग्लोव्हज नकोत. आणि उघड्या हाताने एकही ठोसा नको, "नुसतं बघायला" म्हणूनसुद्धा.

पहाटवारा

पट्ट्या आणि १२ औंसाचे ग्लोव्हज आणले. बॅग अजून नाही! रोज रात्री पट्ट्या बांधायचा सराव करतेय. आज पहिल्यांदा बोटांमधून जाणारे तिन्ही वेढे सपाट बसले.

आता उंचीचं सांगा. बॅग किती वर टांगायची?

जुना_ग्लोव्ह

बॅगेचा मध्य तुमच्या खांद्याच्या रेषेत आणा. तुमचा खांदा १३० सेंटिमीटरच्या आसपास असेल. १२० लांबीच्या बॅगेचा मध्य तिथे आला तर बूड जमिनीपासून ७० वर आणि माथा १९० वर. म्हणजे चेहऱ्यावरचा, छातीवरचा आणि पोटावरचा, तिन्ही ठोसे भरलेल्या भागावर बसतात. छत २७५ वर, म्हणजे मध्ये ८५ सेंटिमीटर उरतात. छताला बसणारा धक्का कमी करायला मध्ये स्प्रिंग लावायची, ती १५ आणि बॅगेचे स्वतःचे पट्टे ४० असतील तर ३० सेंटिमीटर साखळी जादा लागेल. बॅग हातात आल्यावर पट्टे मोजून मगच साखळी कापून आणा.

मधे फिरती कडी घालायला विसरू नका. ती नसेल तर बॅग वळते तशी साखळी पिळत जाते, आणि पिळलेली साखळी एका कडीवर सगळा भार टाकते.

जागेचं बोलायचं तर, बॅगेभोवती सगळीकडे मीटरभर मोकळं असेल तर उत्तम. तुमची खोली २.७ रुंद आहे, मधोमध टांगली तर बॅगेच्या दोन्ही बाजूंना १.१७ उरतात. पुरेसं आहे.

लंबक

मधोमध म्हणजे पंख्याच्या हुकाजवळच येणार. तिथून वायरची नळी भिंतीतल्या बटणांकडे गेलेली असते, त्या रेषेपासून दूर जा. हुकापासून अर्धा मीटर, बटणांच्या विरुद्ध दिशेला घ्या. वायर शोधायचं यंत्र इलेक्ट्रिशियनकडे असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

हॅमर ड्रिल, बोल्टच्या पाकिटावर जे माप लिहिलंय त्याच मापाचा बिट. मधेच बिट अडकून ठणठण वाजला तर सळी लागली. जोर लावू नका, भोक सरकवा. भोक पडलं की आतली सगळी भुकटी फुंकून, ब्रशने, पुन्हा फुंकून काढा. लोक इथेच घाई करतात. भुकटी राहिली की बोल्ट काँक्रीटला धरत नाही, भुकटीला धरतो. चष्मा घाला, तोंडाला फडकं बांधा.

एक अट मात्र आधी तपासा. काही इमारतींत स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात, काहींत स्लॅब पोकळ तयार पट्ट्यांचा असतो. तसं असेल तर कुणालाही न विचारता भोक पाडायचं नाही. इमारतीचे नकाशे सोसायटीकडे किंवा बांधणाऱ्यांकडे मिळतात.

चिमणचारा

छान धागा, सगळं वाचतेय. माझा ११ वर्षांचा मुलगा मागे लागलाय. त्याचं वजन ३६ किलो. त्याला त्याच्या बाबांची बॅग चालेल का?

पायवाट

मोठ्यांची बॅग नको. निम्म्याचा नियम त्यालाही लागू, म्हणजे १५ ते १८ किलोची, मऊ भरणाची. या वयात हाडांची टोकं वाढत असतात, त्यामुळे जोराचे ठोसे नकोत. सरळ ठोसा, पाय, श्वास, एवढं भरपूर आहे. दहा-पंधरा मिनिटं आणि कुणीतरी मोठं माणूस समोर.

लंबक

आणि त्याला एक गोष्ट निक्षून सांगा, बॅगेला लोंबकळून झोका घ्यायचा नाही. बॅगेसाठी केलेल्या हिशोबात त्याचे ३६ किलो नसतात.

पहाटवारा

पाच आठवड्यांनी परत येतेय. सविस्तर लिहिते, कारण हा धागा पुढे कुणाला तरी लागेल.

नकाशा मिळाला, साधा भरीव स्लॅब निघाला. ड्रिलचं काम माहितगार माणसाकडून करून घेतलं. दुसऱ्या भोकात ठणठण झालं. तो जोर लावणार होता, मी थांबवलं आणि पट्टी चार बोटं सरकवायला लावली. भुकटी फुंकताना त्याने दोनदा "झालं" म्हटलं आणि मी दोन्ही वेळा बॅटरी मारून बघितलं. आत करडी पूड दिसतच होती. तिसऱ्यांदा ब्रश घातल्यावर भोकाच्या कडा स्वच्छ दिसल्या. चारही बोल्ट बसल्यावर आम्ही दोघांनी पाळीपाळीने पट्टीला लोंबकळून पाहिलं.

पहिल्या दिवशी बॅगेचा आवाज नव्हता, साखळीचाच होता. प्रत्येक ठोशाला खळखळ. खालच्या वहिनी वर आल्या आणि म्हणाल्या, ठोसे ऐकू येत नाहीत, कुणी बादलीची कडी वाजवतंय असं वाटतं. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून साखळीवर गुंडाळली, खळखळ थांबली. स्प्रिंगमुळे स्लॅबला जाणारा धक्का खरंच कमी होतो. स्प्रिंग काढून एकदा मारून बघितलं, वहिनींना लगेच फरक कळला.

दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती, आठवड्यातून तीनदा. वर्गात तीन मिनिटांच्या फेऱ्या असायच्या, पण घरी कुणी ओरडून थांबवत नाही, त्यामुळे शेवटच्या मिनिटात मूठ फिरते आहे हे मला स्वतःलाच ओळखावं लागतं. पट्टी सोडल्यावर कुठल्या गाठीवर लाली आहे ते बघते. पहिल्या दोन लाल असतील तर ठीक. मागच्या गुरुवारी उजव्या अनामिकेची गाठ लाल दिसली, तेव्हापासून शेवटची फेरी फक्त डाव्या हाताने, हळू.

एक शंका. माझी बॅग ठोसा बसला की लांब जाते आणि मोठे झोके घेते. बॅग हलकी पडतेय का? ३० किलोचीच आहे, वजन करून घेतलंय.

जुना_ग्लोव्ह

ताई, बॅग बरोबर आहे. तुम्ही ढकलताय. ठोसा बॅगेला लागल्यावर हात तिथेच राहतो आणि बॅगेला लोटतो, म्हणून ती जाते. हात जितक्या वेगाने जातो, तितक्याच वेगाने हनुवटीपाशी परत यायला हवा. तसा ठोसा बसला की बॅग जागच्या जागी थरारते, फार तर वीतभर हलते, आणि तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेला तो 'थप्प' येतो. ढकललं की 'धप' येतं. कानाने ओळखा.

एक फेरी फक्त डाव्या सरळ ठोशाची करा. जोर शून्य. लक्ष फक्त हात परत आणण्यावर.

बॅग हलत असेल तेव्हा ती तुमच्याकडे येत असताना मारायची घाई करू नका, धक्का दुप्पट वाटतो. हाताने थांबवूही नका. एक पाऊल बाजूला व्हा, ती पलीकडच्या टोकाला जाऊन परत निघेपर्यंत थांबा.

पहाटवारा

आज करून पाहिलं. पहिल्या फेरीत वीस-पंचवीस ठोशांत तीनदाच 'थप्प' आलं. पण आलं! आणि त्या तिन्ही वेळा बॅग खरंच जागची हलली नाही.

ग्लोव्हज आतून ओले राहतात, त्याचं काय करता?

तिसरा_मजला

कधीही बंद पिशवीत ठेवू नका. आतून फडक्याने पुसायचे, तोंड उघडं करून वाऱ्याला टांगायचे, उन्हात नाही, कडक होतात. पट्ट्या प्रत्येक वेळी धुवायच्या. दोन जोड ठेवा म्हणजे एक वाळत असला तरी अडत नाही. बॅगही ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने.

लंबक

महिना झाला ना? बोल्ट पान्याने तपासा, आणि कड्यांची आतली बाजू बघा, जिथे कडी कडीवर घासते. तिथे चकचकीत खाच पडायला लागली की ती कडी बदलायची. माझी पहिली दीड वर्षात बदलली.

पहाटवारा

तपासलं. एक बोल्ट पाव फेरा फिरला, बाकी तीन घट्ट. कड्या ठीक आहेत. बॅगेचा वरचा भाग मात्र दाबला की हात आत जातोय, निरगाठ म्हणाल्या तसाच. किती भरू?

निरगाठ

दोरी सोडून दांड्याने आधी ठेचून बघा, मग जितकी जागा होईल तेवढंच. माझ्यात पहिल्या वेळी दोन टॉवेल गेले होते. बटणं काढायला विसरू नका.

पहाटवारा

दोन जुन्या चादरी काढून ठेवल्यात. रविवारी बॅग उतरवते.